औंढ्याच्या माळावरील वेधशाळा

औंढा म्हटले की मराठवाड्यातील माणसाला नागनाथाचे प्राचीन मंदिर आणि संत नामदेव व विसोबा खेचर यांच्या भेटीची कथा आठवते. हिंगोली जिल्ह्यातील याच तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात, एक अनोखी वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिला ना घुमट असेल, ना दुर्बीण. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नलिका हेच तिचे मुख्य अंग होय. 'लायगो-इंडिया' या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प भारत व अमेरिका यांच्या वैज्ञानिक भागीदारीतून आकारास येत आहे.

दोन कृष्णविवरे परस्परांवर आदळली म्हणजे अवकाशात जे तरंग उठतात, त्यांस गुरुत्वीय लहरी म्हणतात. अशी लहर पृथ्वीवरून जाताना वेधशाळेची एक भुजा किंचित ताणली जाते व दुसरी आखडते. दोन्ही भुजांतून लेसर किरण सोडून, टोकांशी टांगलेल्या ४० किलोग्रॅम वजनाच्या आरशांवरून ते परत आणून हा फरक मोजावयाचा असतो. तो असतो प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी! दूरवरून जाणाऱ्या आगगाडीचा किंवा अवजड मालमोटारीचा हादराही या मापनात व्यत्यय आणू शकतो. गजबजाटापासून दूर असलेला माळ निवडण्याचे कारण यातच आहे.

परंतु अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथे अशा दोन वेधशाळा असताना तिसरी भारतात कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर १४ सप्टेंबर २०१५ च्या नोंदीत सापडते. त्या दिवशी इतिहासात प्रथमच पकडली गेलेली लहर लिव्हिंगस्टनला पोहोचल्यानंतर सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. या अंतरावरून लहरीची दिशा ठरवितात. मात्र वेधशाळा दोनच असल्याने आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा संशयित ठरला. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राने व्यापलेल्या क्षेत्राच्या सुमारे तीन हजार पट. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील व्हर्गो वेधशाळाही जोडीस होती. त्या वेळी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आकुंचित करता आली आणि काही तासांतच दुर्बिणींनी ती दीर्घिका हुडकून काढली. जपानमध्येही काग्रा ही वेधशाळा उभारण्यात आली आहे. या सर्वांपासून दूर असलेल्या भारतातील वेधशाळेमुळे ही दिशा कितीतरी नेमकी ठरणार आहे. थोडक्यात, भारताचा सहभाग हा केवळ सौजन्याचा भाग नसून भूगोलाची गरज आहे.

भागीदारीची घडण

अमेरिकेतील या वेधशाळांमागे १९५० साली स्थापन झालेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या शासकीय संस्थेचे अर्थसाहाय्य आहे. २००२ ते २०१० या काळात पहिल्या यंत्रणेला एकही लहर सापडली नाही, तरीही संस्थेने हात आखडता घेतला नाही. सुधारित यंत्रणेसाठी तीन संच तयार करण्याचे ठरले, त्यांपैकी दोन हॅनफर्डलाच बसावयाचे होते. एकाच जागी दोन संच ठेवण्यापेक्षा एक परदेशी न्यावा, हा विचार पुढे आला. प्रथम ऑस्ट्रेलियाकडे विचारणा झाली. परंतु २०११ च्या मुदतीत तेथे निधीची तजवीज होऊ शकली नाही. भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्येच 'इंडिगो' हा गट स्थापन केला होता. संधी येताच त्यांनी आपला प्रस्ताव पुढे केला.

ही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारासच, गोंगाटात बुडालेल्या नोंदींतून क्षीण संकेत कसा ओळखावा, याचे गणित मांडीत होते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर हे फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने लहरींच्या आकाराचे सूक्ष्म गणित करीत होते. लहरी सापडतील की नाही, हेच त्या वेळी अनिश्चित होते. पुढे भारताचे नाव घेतले गेले, त्यात या जुन्या कामाचा वाटा मोठा आहे.

अशा भागीदारीत एक देश दुसऱ्याला पैसे देतो, असा सर्वसाधारण समज असतो. येथे तसे नाही. अमेरिकेने तिसऱ्या संचाचे भाग, आराखडे व प्रशिक्षण द्यावयाचे. जमीन, इमारती, निर्वात यंत्रणा, मनुष्यबळ आणि चालविण्याचा खर्च भारताने उचलावयाचा. भारताच्या बाजूने अणुऊर्जा विभाग व विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग यांनी ही जबाबदारी घेतली आहे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पुण्याची आयुका आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या चार संस्था प्रत्यक्ष काम पाहतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे लहरींच्या शोधाची घोषणा झाल्यावर अवघ्या सहा दिवसांत, तत्त्वतः मान्यता दिली. ३१ मार्च रोजी वॉशिंग्टन येथे सामंजस्य करार झाला. मात्र सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळण्यास एप्रिल २०२३ उजाडले. मान्यता व मंजुरी यांमधील ही सात वर्षे लहान नव्हेत. त्या काळात भारतासाठी राखून ठेवलेले यंत्रभाग हॅनफर्डच्या कोठारात पडून होते, आणि तिकडील वेधशाळांत नवनव्या सुधारणा होत राहिल्या.

भागीदाराची स्थितीही सदैव एकसारखी राहत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने मांडलेल्या अंदाजपत्रकीय प्रस्तावात या संस्थेच्या निधीत निम्म्याहून अधिक कपात आणि दोनपैकी एकच वेधशाळा चालू ठेवणे सुचविले होते. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, हे खरे. पण एका देशातील अंदाजपत्रकाचे पडसाद हिंगोलीपर्यंत उमटू शकतात, हे त्यावरून ध्यानात येते.

अंतिम मंजुरीच्या वेळी २०३० हे वर्ष लक्ष्य म्हणून ठरविण्यात आले. तोवर करावयाची कामे किचकट आहेत. ४ किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची वक्रता सुमारे एक मीटर भरते. किरण मात्र सरळ रेषेत जातो, म्हणून नलिकेचा पाया ती वक्रता हिशेबात धरून घालावा लागतो. नलिकांच्या प्रत्येक सांध्याची गळती तपासावी लागते. त्यानंतर धातूत मुरलेली आर्द्रता घालविण्यासाठी नलिका कित्येक दिवस तापवून आतील वायू उपसून काढतात. हे सारे पार पडल्यावरच हॅनफर्डच्या पेट्या औंढ्यात उघडल्या जातील.