गुडघ्यात वाढणारी चरबी

गुडघा वर्षानुवर्षं सुजतो, दुखत मात्र फारसा नाही. पाणी काढलं की सूज उतरते आणि काही दिवसांनी पुन्हा भरते. अशा गुडघ्याला बहुतेक वेळा संधिवाताचं लेबल लागतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. क्वचित मात्र कारण निघतं ‘लायपोमा आर्बोरेसेन्स’.

सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असतं. या आजारात त्या अस्तराखाली चरबीच्या पेशी साठत जातात आणि झाडाच्या फांद्यांसारखे झुबके सांध्याच्या पोकळीत लोंबू लागतात. जागा बहुधा गुडघ्याच्या वाटीच्या वरची. ही वाढ कर्करोगाची नसते. पण झुबका सांध्यात अडकला की कळ येते, गुडघा मध्येच अडतो.

रक्ततपासणी सहसा काहीच सांगत नाही आणि एक्स-रेत दिसते ती नुसती सूज. खरा उलगडा एमआरआयमध्ये होतो. झुबके चरबीइतकेच उजळ दिसतात आणि चरबीचा संकेत दाबणाऱ्या चित्रांत काळे पडतात. हे रूप इतकं ठळक असतं, की निदानासाठी तुकडा काढावाच लागतो असं नाही. आपल्याकडे एकाच सांध्याची जुनाट सूज म्हटली की क्षयाची शंका आधी फेडून घ्यावी, हे मात्र खरं.

त्रास नसेल तर नुसती नजर ठेवली तरी चालतं. असेल तर दुर्बिणीतून बिघडलेलं अस्तर काढून टाकतात; वाढ फार पसरली असेल तर सांधा उघडून. नीट काढलेली वाढ क्वचितच परतते. सोबत गुडघ्याची झीज असेल, तर तिचं दुखणं मात्र शस्त्रक्रियेनंतरही राहू शकतं. डॉक्टरांना हे आधीच विचारून घ्या.