बहुस्तरीय धारित्रातील धातूचा पातळ थर

धारित्राचे आकारमान न वाढविता त्याची धारकता वाढवावयाची, तर विद्युत्-अपारकाचे व धातूचे पातळ थर एकाआड एक रचणे हा सरळ मार्ग होय. आजच्या बहुस्तरीय सिरॅमिक धारित्रात असे शेकडो थर असू शकतात व त्यांची जाडी एक मायक्रॉनच्याही खाली उतरलेली आहे. अपारक म्हणून बेरियम टिटॅनेट व विद्युत्-अग्र म्हणून बहुधा निकेल वापरतात. विवेचनात अपारकाला प्राधान्य मिळते. तथापि धारित्राच्या लघुत्वाची मर्यादा बऱ्याच अंशी धातूचा थरच ठरवितो.

समजा, अपारकाचा व धातूचा प्रत्येक थर १ मायक्रॉन जाड आहे. म्हणजे निम्मे घनफळ धातूनेच अडविले. धातूची जाडी ०.५ मायक्रॉनवर आणल्यास थरांची जोडी २ ऐवजी १.५ मायक्रॉनमध्ये मावते व त्याच उंचीत थरांची संख्या, आणि तिच्याबरोबर धारकता, एक-तृतीयांशाने वाढते. परंतु भाजताना धातूला छिद्रे पडून एक-चतुर्थांश क्षेत्र उघडे राहिले, तर ४/३ × ३/४ = १ या हिशेबाने सर्व लाभ नाहीसा होतो.

निर्मितीचा क्रम असा : बेरियम टिटॅनेटची पूड, बंधक व द्रावक यांचा पातळ लगदा प्लॅस्टिकच्या फितीवर पसरून वाळवितात. या कच्च्या पापुद्र्यावर निकेलच्या अतिसूक्ष्म चूर्णाची शाई जाळीच्या छपाईने उमटवितात. पापुद्रे रचताना छाप आळीपाळीने दोन बाजूंस सरकवितात. त्यामुळे एकाआड एक थर विरुद्ध टोकांशी जोडता येतात. नंतर चळत दाबून तुकडे कापतात, बंधक जाळून टाकतात व शेवटी तुकडे भाजतात. धातू व सिरॅमिक एकाच भट्टीत, एकाच वेळी पक्के व्हावे लागतात, हेच सर्व अडचणींचे मूळ होय.

पहिली अडचण ऑक्सिजनची. हवेत भाजता यावे म्हणून पूर्वी पॅलेडियम किंवा चांदी-पॅलेडियमचा मिश्रधातू वापरीत. २००० च्या सुमारास पॅलेडियमचे भाव भडकले व स्वस्त निकेलकडे वळण्याचा वेग वाढला. निकेलचा वितळबिंदू १,४५५° से. असला, तरी तापलेल्या हवेत त्याचे ऑक्साइड बनते. सुमारे १,३००° से. तापमानास ते धातुरूपात राखावयाचे, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब वातावरणदाबाच्या एक-कोट्यंशाहून कमी ठेवावा लागतो. नायट्रोजन, हायड्रोजन व जलबाष्प यांच्या मिश्रणाने हे साधते. मात्र अशा वायूत बेरियम टिटॅनेट स्वतःचा काही ऑक्सिजन गमावते आणि मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे अर्धसंवाहक बनते. हायड्रोजनमध्ये भाजूनही अशा सिरॅमिकचा विद्युत्-रोध टिकविता येतो, हे ब्रिटनमधील जे. एम. हर्बर्ट यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यात दिसून आले. मँगॅनीजसारखे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळल्यास ते हे इलेक्ट्रॉन बांधून ठेवते. भाजणीनंतर कमी तापमानास किंचित अधिक ऑक्सिजन देऊन गमावलेला ऑक्सिजन काही अंशी परत भरूनही काढतात.

दुसरी अडचण आकुंचनाची. निकेलचे सूक्ष्म कण सिरॅमिकच्या कित्येक शे अंश आधीच एकमेकांस चिकटून आकसू लागतात. शिवाय पृष्ठऊर्जा कमी करण्याच्या प्रवृत्तीमुळे पातळ थर भेगाळून बेटांच्या रूपाने गोळा होतो. थर जितका पातळ, तितकी ही फूट लवकर. बेटांशी धातू जाड झाला, की लगतचे अपारक पातळ होते, तेथे विद्युत्-क्षेत्र तीव्र होते व धारित्राचे आयुष्य घटते. यावर उपाय म्हणून शाईत बेरियम टिटॅनेटचे निकेलहूनही बारीक कण घालतात. ते निकेलच्या कणांमध्ये राहून त्यांचे आकसणे लांबवितात. पुढे हेच कण बाहेर ढकलले जाऊन शेजारच्या अपारकात मिसळतात व त्याची जाडी थोडी वाढवितात. म्हणून त्यांचे प्रमाण जपून ठरवावे लागते. भट्टी जलद तापविल्यासही धातूला फुटण्यास अवधी कमी मिळतो.

सारांश, थर किती पातळ छापता येतो यापेक्षा किती पातळ थर भट्टीतून अखंड बाहेर पडतो, यावर धारित्राची धारकता व आयुष्य ही दोन्ही अवलंबून असतात. त्यामुळे चूर्णाच्या कणांचा आकार, शाईचे घटक, तापविण्याचा वेग व भट्टीतील वायू यांचा विचार एकत्रच करावा लागतो.