दगडातले पान का मोडत नाही?

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधून मुंबईला जायचे म्हणजे विठ्ठलवाडीला लोकल पकडायची आणि थेट शेवटच्या स्थानकावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, उतरायचे. पुढील खेपेस बाहेर पडल्यावर घाई करू नका. रस्ता ओलांडा आणि मागे वळून मान वर करा. खांबांच्या माथ्यांवर, कमानींवर दगडी पाने, फुले, मोर, माकडे दिसतील. ती कोणी कोरली असतील? त्यांत मोठा वाटा विद्यार्थ्यांचा आहे!

ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. कोरीव सजावटीचे बरेचसे काम मात्र मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकांच्या देखरेखीखाली केले. २००४ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता एक प्रश्न. झाडाचे पान कागदासारखे पातळ असते. वाऱ्याने वाकते, पुन्हा सरळ होते. तेवढेच पातळ पान दगडात कोरले तर? ते लगेच तुटेल. कोणतीही वस्तू वाकते तेव्हा तिची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. पानातील तंतू ताण सोसतात. दगड दाब उत्तम सोसतो, म्हणून तर भिंती उभ्या राहतात. पण ताण पडला की त्याला तडा जातो. निसर्गातले पान जसेच्या तसे दगडात उतरवता येत नाही, ते असे.

मग कारागीर काय करतो? तो पान भिंतीपासून सुटे करीतच नाही. मागचा दगड जाड ठेवतो आणि फक्त कडेखाली खोल खाच घेतो. त्या खाचेत सावली पडते. जाड दगड आपल्याला दिसत नाही. दिसते ती सावलीची रेघ. आणि डोळ्याला वाटते, पान किती नाजूक!

हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. साबणाच्या दोन नव्या वड्या, एक बोथट खिळा व एक विजेरी घ्या. आता हवे पान. ‘आमच्या दाट वस्तीत निसर्ग कुठला?’ असे कोणी म्हणेल. अहो, जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप हमखास सापडते! त्याचे एक पान आणा. कोरण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहा. मधली शीर देठाजवळ जाड आणि टोकाकडे बारीक आहे ना? पानाचा भार देठाकडे जास्त वाकवतो, म्हणून बळ तेथेच हवे. हे चित्रात काढून ठेवा.

पहिल्या वडीवर पानाची कड पातळ व सुटी कोरण्याचा प्रयत्न करा. ती बहुधा मोडेल, मोडू द्या. दुसऱ्या वडीवर पान पाठीला चिकटलेले ठेवून कडेने खाच घ्या. खोलीत अंधार करून विजेरी अगदी समोरून धरा. सावल्या पानामागे लपतील व पान सपाट, पुसट दिसेल. आता विजेरी बाजूने तिरपी धरा. प्रत्येक शीर उठून येईल!

हीच परीक्षा आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात घेता येते. ते १०६० सालचे, काळ्या दगडाचे. एकच कोरीव भिंत तिच्यावर तिरपे ऊन असताना पाहा आणि ऊन सरल्यावर पुन्हा पाहा. फरक वहीत टिपा.

आणि हो, कोरून झालेला साबण वाया जात नाही. मोडलेल्या पानाने आधी हात धुवा. चांगले पान मात्र शाळेत दाखवायला जपून ठेवा.