बदली की दुरुस्ती

सकाळी ८.३०
विमा कंपनीकडून आलेली एस्टिमेटं चहा घेताघेताच वाचायला लागतो. मी मोटार सर्व्हेअर. अपघातात गाडीचं किती नुकसान झालं आणि गॅरेजनं सांगितलेला खर्च रास्त आहे का, हे ठरवायचं माझं काम. आजची पहिली गाडी साडेतीन वर्षांची हॅचबॅक आहे, नरोली रस्त्यावर टेम्पोला मागून धडकलेली. जीएसटी धरून ८६,४०० रुपये. या बेरजेवरून काही कळत नाही. कुठल्या भागापुढे ‘बदली’ लिहिलंय, कुठल्यापुढे ‘दुरुस्ती’ आणि मजुरी कशाकशाची लावलीय, ते मी आधी बघतो.

१०.१५
आमलीतलं गॅरेज. गाडीच्या मालकीणबाई शिक्षिका आहेत, खानवेलहून आल्यात. “दादा, एवढं सगळं बदलावंच लागतं का हो?”

बंपर उजवीकडे फाटलाय. कड स्वच्छ आहे, म्हणजे तूट ताजी. डाव्या फेंडरवरच्या ओरखड्यात मात्र गंज धरलाय. बाईंनी आपणहून सांगितलं, तो दिवाळीतला आहे. त्याची डेंटिंग-पेंटिंगची ओळ, ३,४०० रुपयांची, या क्लेममधून गेली.

एस्टिमेटात कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही बदली. बंपर काढायला सांगितला. मिस्त्री म्हणाला, “साहेब, खोलल्याशिवाय मी तरी कसं सांगणार?” त्याचं बरोबर आहे. मग कागदावर तसंच लिहायला हवं होतं: ‘रेडिएटर, खोलल्यावर ठरवू’. अशी ओळ लिहिणाऱ्या गॅरेजवर माझा जास्त विश्वास बसतो. न बघता ‘बदली’ लिहिलं की गिऱ्हाईक घाबरतं, आणि नंतर कुणी तपासत बसत नाही.

बंपर निघाला. कंडेन्सरच्या सांध्यापाशी तेलकट डाग होता. एसीचा गॅस गळताना बरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्याचा हा डाग. कंडेन्सर बदली, मंजूर. मागच्या रेडिएटरच्या नुसत्या पत्त्या चेपल्या होत्या. मिस्त्रीनं तोंडाला हातपंप लावून दाब भरला, झाकणावर लिहिलाय तेवढाच. पंधरा मिनिटं आम्ही काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलला नाही, खाली थेंब नाही. रेडिएटर राहिला, ७,२०० रुपये वाचले.

मग मजुरी. ‘बंपर काढणं-बसवणं, ९००’ ही ओळ तीनदा होती: बंपरसाठी, हेडलाइटसाठी, कंडेन्सरसाठी. बंपर एकदाच निघणार आणि एकदाच बसणार. दोन ओळी काढल्या. मिस्त्रीनं वाद घातला नाही. तासाचा दर मात्र मी कमी केला नाही. चांगल्या हाताची मजुरी कापून स्वस्त काम करून घेणं हे मला पटत नाही.

राहिले ७४,०००.

१.३०
जेवण. पिपरियाकडून येणाऱ्या ट्रकांमागे अडकल्यानं उशीर झाला.

२.१५
बाईंचा फोन. “गॅरेजवाला म्हणतो मलापण भरावे लागतील. मग हा दर लुटीचा नाही का?” हा घोळ फार घरांत होतो. दर रास्त असूनही मालकाच्या वाट्याला रक्कम येते, कारण बाईंच्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापण्याची सोय, नाही. समजावून सांगितलं: प्लॅस्टिकच्या बंपरची निम्मी किंमत तुमची. पत्र्याच्या बॉनेटचे, गाडी तीन ते चार वर्षांच्या टप्प्यात असल्यानं, २५ टक्के तुमचे. काचेला कपात नाही. रंगकामाच्या एकूण बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दोनदा परत विचारलं. असं विचारणारे लोक मला आवडतात.

४.००
किलवणी नाक्याजवळ दुसरी गाडी. एस्टिमेटात सुट्या भागांवर अजून २८ टक्के जीएसटी! २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय. दुरुस्त करून मागितलं.

हिच्या दारावर चुंबक नीट धरेना. आत पुटीचा जाड थर निघाला, म्हणजे दार आधी कधीतरी ठोकून घेतलेलं. नवा ठोका त्याच जागी आहे, त्यामुळे पुटी खरवडून पत्रा उघडा करायला सांगितलाय. दार बदली की दुरुस्ती, ते पत्रा बघूनच.

६.३०
रिपोर्ट. प्रत्येक बदलीपुढे कारण आणि फोटो, प्रत्येक नकारापुढेही. जुना बंपर, जुना कंडेन्सर गाडी सुटेपर्यंत गॅरेजनं बाजूला ठेवायचे, हे वेगळं लिहिलं. शुक्रवारी फेरतपासणीला जाऊन ते आणि नवे बसवलेले, दोन्ही बघायचेत. बाईंनाही त्याच वेळी यायला सांगितलंय.