हार्ड डिस्कचं शेवटचं वाचन

हार्ड डिस्क बंद पडली की बहुतेकांचा पहिला प्रयत्न ती पुन्हा चालू करण्याचा असतो. नाही चालली तर केबल बदलून पाहतात, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहतात, एखादं फुकटचं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवतात. हे सगळं करून झाल्यावर डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे पोचते आणि आता त्याची भारी यंत्रं काहीतरी चमत्कार करतील, अशी आशा असते. खरं तर निकाल बहुतेक वेळा त्या टेबलापर्यंत पोचण्याआधीच लागलेला असतो. बिघडलेल्या डिस्कमध्ये मोजकीच वाचनं शिल्लक असतात. ती कोणी आणि कशासाठी खर्च केली, यावर फायली परत मिळणं अवलंबून आहे. म्हणून या कसबात हातचलाखीपेक्षा संयमाचा वाटा मोठा आहे, आणि तो संयम कारागिराइतकाच डिस्कच्या मालकालाही पाळावा लागतो.

याचं कारण डिस्कच्या रचनेत आहे. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रामॅक यंत्रणेच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो, पण तत्त्व तेच आहे: फिरती चुंबकीय तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं हेड. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत असते. या वेगामुळे हवेचा जो पातळ थर तयार होतो, त्यावर हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं; माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. हेडला जागा कळावी म्हणून तबकडीवर कारखान्यातच चुंबकीय खुणा लिहिलेल्या असतात. हेड खराब झालं की त्याला त्या खुणा सापडत नाहीत. ते शोधत आत जातं, त्याला धरणारा हात मागे येऊन थडकतो, हेड पुन्हा आत जातं. बिघडलेल्या डिस्कची ओळखीची टकटक ती हीच. हेड वाकलेलं किंवा तुटलेलं असेल, तर अशा प्रत्येक फेरीत चुंबकीय थर खरवडला जातो. तेव्हा आत उडणारी काळसर भुकटी म्हणजेच हरवत चाललेल्या फायली असतात. तिथून त्या कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही.

डिस्क किती मार खाऊ शकते याचं सर्वांत ठळक उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूच्या चिकटपणाचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगाची सुमारे ३४० मेगाबाइटची हार्ड डिस्क त्या अवशेषांत काही महिन्यांनी सापडली. तिचे प्लॅस्टिकचे भाग वितळले होते, सील गेलं होतं, आत माती शिरली होती. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञाने तबकड्या काढून रसायनाने स्वच्छ केल्या, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि मग वाचल्या. जवळजवळ ९९ टक्के माहिती हाती आली आणि २००८ साली प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यात नशिबाचाही भाग होता, हे मान्य केलं पाहिजे. डिस्क निम्मीच भरलेली होती, तबकड्यांना पडलेले खड्डे बहुतांशी रिकाम्या भागात होते आणि जुन्या डॉस प्रणालीमुळे फायली फारशा विखुरलेल्या नव्हत्या. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच मिळालं नाही. तरीही कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी स्वच्छता, मग सुटे भाग आणि वाचन सर्वांत शेवटी. घरातल्या टेबलावर टकटकणाऱ्या डिस्कच्या बाबतीत आपण नेमका उलटा क्रम लावतो.

चांगल्या प्रयोगशाळेतही हाच क्रम पाळला जातो. विजेच्या झटक्याने डिस्कचा सर्किट बोर्ड जळला असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून भागत नाही. प्रत्येक डिस्कची कारखान्यात ठरवलेली खास मापं बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतात. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डावर न्यावी लागते. हेड गेलं असेल तर जुळणारी डोनर डिस्क, म्हणजे जिचं हेड काढून वापरता येईल अशी डिस्क, शोधायची. मॉडेल सारखं असून पुरत नाही. हेडची संख्या, त्यांची मांडणी आणि शक्यतो उत्पादनाची तारीखही जुळावी लागते. गाळलेल्या हवेच्या प्रवाहाखाली झाकण उघडायचं, हेडची टोकं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कंगव्यासारखं साधन सरकवायचं आणि अख्खा जोड बदलायचा. एवढं करूनही ते उसनं हेड किती वेळ टिकेल, याची खात्री नसते. म्हणून डिस्क सुरू होताच कोणीही फायली उघडून पाहत बसत नाही. आधी संपूर्ण डिस्कची सेक्टर-सेक्टरने नक्कल, म्हणजे इमेज, काढतात. जो भाग सहज वाचला जातो तो पहिल्या फेरीत उचलायचा, अडणारा भाग नोंदवून ओलांडायचा आणि शेवटी शिल्लक आयुष्यात त्याच्याकडे वळायचं. डीडीरेस्क्यू या मुक्त सॉफ्टवेअरचीही हीच पद्धत आहे. फायली शोधण्याचं काम नंतर, त्या नकलेवर होतं.

सॉफ्टवेअरने घरीच फायली मिळाल्याचे दाखले कितीतरी आहेत, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. ते दाखले खरे आहेत, पण ते निरोगी डिस्कचे आहेत. फाइल चुकून डिलीट झाली, तर सहसा तिची नोंद तेवढी पुसली जाते आणि मजकूर त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो. अशा वेळी टेस्टडिस्क किंवा फोटोरेक यांसारखी मोफत साधनं उत्तम काम करतात, फक्त सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर साठवायच्या नाहीत. यंत्र बिघडलेल्या डिस्कवर मात्र तेच सॉफ्टवेअर खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लावतं आणि उरलंसुरलं हेड संपवतं. फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या उपायाचंही तसंच. तो काही वेळा लागू पडल्याचं सांगतात, पण थंड डिस्क बाहेर काढली की दमट हवेतलं पाणी आत साचतं. पुरात भिजलेली डिस्कही उन्हात वाळवू नये. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं; त्यातून गढूळ पाणी शिरलेलं असेल, तर वाळल्यावर गाळ तबकडीवर घट्ट बसतो. चिपळूण किंवा सांगलीसारख्या पूर पाहिलेल्या गावांतल्या फोटो स्टुडिओंना आणि दुकानांना हे माहीत असायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की एसएसडी आणि क्लाउडच्या काळात या कसबाला भविष्य नाही. एसएसडीमध्ये डिलीट झालेल्या फाइलची जागा ट्रिम आदेशामुळे बहुधा लगेच मोकळी केली जाते आणि एन्क्रिप्शनची किल्ली गेली तर नुसता सेक्टर वाचून उपयोग नसतो, हे खरंच आहे. पण साठवणुकीची मोठी कामं अजून फिरत्या तबकड्यांवरच चालतात, आणि मराठीचा एक मोठा ठेवाही तिथेच पडून आहे. डीटीपीच्या काळातली पुस्तकं, दिवाळी अंक, गावोगावची नियतकालिकं पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यांची डिस्क गेली तर मराठी शब्द टाकून मजकूर शोधताही येत नाही, कारण आत देवनागरीऐवजी त्या फॉन्टचे संकेत असतात. फायलींची नावं गेली आणि फॉन्टही उरला नाही, तर परत मिळालेली फाइलही मुकी राहते.

बॅकअप असेल तर यातलं काहीच लागत नाही, हा सर्वांत बिनतोड आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम आजच पाळायला घ्यावा. ज्यांनी तो पाळला नाही त्यांच्यासाठी मात्र सल्ला एवढाच: आवाज बदलला की वीज बंद करा, डिस्क उघडू नका, आपण काय काय करून पाहिलं ते तंत्रज्ञाला न लपवता सांगा आणि आधी इमेज काढणार का, हे त्याला विचारा. जो या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही, त्याच्या हाती डिस्क देऊ नका.