आपला टीव्ही, आपल्या सवडीने

पाटाला पाणी आले की पाळी धरावी लागते. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, नाही तर घरी पाहुणे आलेले असोत. पाळी चुकली की पीक तहानलेले राहते. घरच्या विहिरीचे तसे नसते. सवड होईल तेव्हा पाणी काढावे.

टीव्हीचेही असेच आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे टीव्ही म्हणजे पाटाचे पाणी होते. कार्यक्रम लागेल तेव्हाच तो पाहायचा. शेतीचा कार्यक्रम संध्याकाळी लागे. नेमकी तीच धार काढायची आणि चूल पेटवायची वेळ! भाकरी थापता थापता निम्मा कार्यक्रम निघून जाई.

आता इंटरनेटवरून टीव्ही पाहता येतो. कार्यक्रम साठवूनही ठेवता येतो. म्हणजे घरात विहीर झाली म्हणा ना! पण विहिरीचे पाणीसुद्धा जपूनच वापरावे लागते. ते कसे, हे आता पाहू.

नेटचा टीव्ही म्हणजे काय?

साध्या टीव्हीत चित्र छपरावरच्या डिशमधून येते. नेटच्या टीव्हीत ते मोबाइलच्या टॉवरवरून किंवा घरात घेतलेल्या तारेतून येते.

नेटवर दोन प्रकारचे कार्यक्रम असतात. एक म्हणजे चालू चॅनेल. ते डिशसारखेच त्या त्या वेळी दिसते. दुसरा प्रकार साठवलेल्या कार्यक्रमांचा. हे केव्हाही लावावेत, थांबवावेत, पुन्हा पाहावेत. यूट्यूबवर असे कार्यक्रम असतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचे ॲप सुरू केले. त्यात चालू चॅनेल आणि जुने कार्यक्रम दोन्ही आहेत.

काय काय लागते?

स्मार्ट टीव्ही असेल तर वेगळे काही घ्यायला नको. साधा पण चपटा टीव्ही असेल, तर त्याच्या मागे किंवा बाजूला ‘एचडीएमआय’ असे लिहिलेली चपटी खाच आहे का, ते पाहावे. त्या खाचेत बसणारी छोटी पेटी किंवा कांडी बाजारात मिळते. ती लावली की साधा टीव्ही स्मार्ट होतो. जुन्या डबा टीव्हीला ही खाच नसते. त्याला लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन गोल भोके असतात. त्यासाठी आणखी एक जोडणीची डबी लागते. दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्यावा. म्हणजे चुकीची वस्तू पदरात पडत नाही.

जोडणी

पेटी टीव्हीला लावावी. तिच्या विजेची पिन बटणात बसवावी. रिमोटने टीव्हीवर ‘एचडीएमआय’ निवडावे. मग मोबाइलमधला ‘हॉटस्पॉट’ चालू करावा. पडद्यावर आपल्या मोबाइलचे नाव दिसेल. ते निवडून पासवर्ड घालावा. झाले! मोबाइलचे नेट टीव्हीला मिळू लागते.

मोबाइल पत्र्याच्या कपाटात किंवा पत्र्याच्या आड ठेवू नये. पत्रा लहरी अडवतो. तो खिडकीजवळ, जरा उंचावर ठेवावा.

डेटाचा हिशेब

टीव्ही चालतो मोबाइलच्या डेटावर. चित्र जितके स्वच्छ, तितका डेटा जास्त लागतो. साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबीपर्यंत डेटा लागतो. फार स्वच्छ चित्राला ३ जीबीपर्यंत लागू शकतो.

समजा, आपल्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळतो. साध्या चित्राने तास-दीड तास पाहता येईल. पण फार स्वच्छ चित्र लावले, तर अर्ध्या तासातच डेटा संपेल. मग मुलाचा अभ्यास अडेल आणि बाजारभावही बघता येणार नाही. म्हणून कार्यक्रम चालू असताना ‘क्वालिटी’ किंवा ‘गुणवत्ता’ हा शब्द शोधावा आणि त्यात ४८० हा आकडा निवडावा. घरच्या पडद्याला तेवढे पुरते.

साठवण कशी करावी?

पहिली रीत मोबाइलची. यूट्यूबच्या बऱ्याच कार्यक्रमांखाली ‘डाउनलोड’ असे लिहिलेले असते. ते दाबले की कार्यक्रम मोबाइलमध्ये साठतो. मग शेतात नेट नसले तरी तो दिसतो. रोजचा डेटा बहुधा मध्यरात्री संपतो. उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तेव्हा निजण्यापूर्वी उरलेल्या डेटात उद्याचा कार्यक्रम उतरवून घ्यावा. फुकट जाणारे पाणी रांजणात भरल्यासारखेच ते. मात्र हा साठा त्या ॲपच्या आतच राहतो आणि काही दिवसांनी पुन्हा नेट लावावे लागते. तो कायमचा नसतो.

काही मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येतो. त्याला ‘स्क्रीन कास्ट’ म्हणतात. सगळ्या मोबाइलांत ही सोय नसते. विकत घेण्याआधी दुकानात लावून पाहावे.

दुसरी रीत डिशची. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. तिच्या बऱ्याच सेट-टॉप बॉक्सना पेन ड्राइव्हची खाच असते. रिमोटवरचे ‘रेकॉर्ड’ दाबले की चालू कार्यक्रम पेन ड्राइव्हवर उतरतो. यात नेटचा खर्च नाही. पण वीज गेली की रेकॉर्डिंग तुटते.

तिसरी रीत वाचनालयासारख्या ठिकाणी उपयोगी पडेल. छोटा संगणक आणि मोठी डिस्क घ्यावी. संगणकात ‘टीव्हीहेडएंड’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालावी. तिला वेळापत्रक सांगून ठेवले की ती नेमक्या वेळी कार्यक्रम उतरवून ठेवते. ज्यांनी आपले चॅनेल खुले ठेवले आहे, त्यांचेच कार्यक्रम असे उतरवावेत. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.

आधी वाचा, मग दाबा

बाजारात कोणी म्हणेल, “ही पेटी घ्या. सगळे चॅनेल फुकट, जन्मभर!” अशा बोलण्याला भुलू नये. पैसे देऊन पाहायचे चॅनेल कोणी फुकट दाखवत असेल, तर ते चोरीचे असते. ते कधीही बंद पडते. शिवाय असल्या पेटीतून आपली माहिती चोरीला जाण्याची भीती असते. ॲप नेहमी ‘प्ले स्टोअर’मधूनच घ्यावे.

कोणी फोन करून म्हणेल, “तुमचा टीव्ही बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा.” तो नंबर म्हणजे ओटीपी. तो तिजोरीची किल्ली आहे. कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

पूर्वी पडद्यावरची अक्षरे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत. आता तुम्ही स्वतः वाचू शकता. मोबाइलची भाषा मराठी करून घ्या. ‘पैसे द्या’, ‘परवानगी द्या’, ‘रद्द करा’ हे शब्द नीट वाचा. घाई करू नका. शब्द कळला नाही, तर बटण दाबू नका, विचारून घ्या. जो वाचून बटण दाबतो, त्याचे पैसे वाचतात आणि वेळही त्याच्या हाती राहतो.