मत वाया गेले काय?
कॅनडातल्या गहू पिकवणाऱ्यांच्या पक्षाची हकिगत

निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास कानावर पडते. "माणूस चांगला आहे हो, पण निवडून येणार नाही. त्याला दिलेले मत वाया जाईल." असे म्हणून आपण पुन्हा मोठ्या पक्षांकडेच वळतो. कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु लहान पक्षाला दिलेले मत खरोखरच वाया जाते काय, याचा विचार करायला हरकत नाही. त्यासाठी जरा लांब, कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात जाऊ या.

धुळीची दहा वर्षे

कॅनडाच्या मध्यभागी सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. पण १९३१ साली तिथली वस्ती होती अवघी नऊ लाखांच्या घरात. दक्षिणेकडचा भाग म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट माळ. नव्याने वस्तीला येणाऱ्यांना सरकारने दहा डॉलर फी घेऊन १६० एकरांचे तुकडे दिले होते. १६० एकर म्हटल्यावर आपले डोळे विस्फारतात. पण तिथे पाऊस बेताचा, हिवाळा लांब आणि कडक, पीक वर्षाकाठी एकच. सारी भिस्त गव्हावर.

१९२९ साली जगभर मंदी आली. बुशेलभर, म्हणजे सुमारे २७ किलो गव्हाला एक डॉलरच्या वर भाव मिळत होता. तो १९३२ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली उतरला. त्यातच पावसाने पाठ फिरवली. वाऱ्याबरोबर शेतातली माती उडून जाऊ लागली आणि राहिलेले टोळांनी खाल्ले. १९३७ साली एकरी सरासरी उतारा तीन बुशेलसुद्धा पडला नाही. एकरात ऐंशी किलोही गहू नाही! आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना त्या घरांची कळा वेगळी सांगायला नको.

ज्यांनी चांगल्या दिवसांत मोटार घेतली होती, त्यांना पेट्रोल परवडेना. त्यांनी इंजिन काढून ठेवले आणि मोटारीला घोडे जुंपले. या गाडीला लोकांनी पंतप्रधान बेनेट यांचेच नाव दिले, 'बेनेट बग्गी'! हसावे की रडावे, अशी ती स्थिती.

काळी मांजरे, पांढरी मांजरे

कॅनडात तेव्हा दोनच मोठे पक्ष होते, लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. एकाचा कंटाळा आला की लोक दुसऱ्याला निवडत. टॉमी डग्लस नावाचा पुढारी सभांतून याची एक गोष्ट सांगत असे. उंदरांचे एक राज्य होते. उंदीर निवडणूक घेत आणि काळ्या मांजरांना निवडून देत. कायदे होत ते मांजरांच्या सोयीचे. उंदीर चिडले की पुढच्या खेपेला पांढरी मांजरे निवडत. रंग बदले, पण शिकार उंदरांचीच. शेवटी एका लहानशा उंदराला सुचले, आपण उंदरांनाच का निवडू नये? तर बाकीच्यांनी त्याला क्रांतिकारक ठरवून तुरुंगात टाकले!

शेतकऱ्यांनी आधी एक प्रयत्न केला होता. १९२१ साली त्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे पन्नासाहून अधिक खासदार निवडून आले. पण पक्षाची बांधणी नव्हती. थोड्याच वर्षांत बहुतेक जण लिबरल पक्षात विरघळून गेले. याच सुमारास गव्हाच्या विक्रीसाठी शेतकऱ्यांनी सहकारी 'पूल' उभे केले. गहू एकत्र विकायचा, नफा वाटून घ्यायचा. पक्ष मोडला तरी एकत्र बसून हिशेब मांडण्याची सवय शिल्लक राहिली.

दोन मतांची किंमत

विनिपेग शहरातून निवडून आलेले जे. एस. वुड्सवर्थ पूर्वी धर्मोपदेशक होते. १९२५ च्या निवडणुकीनंतर लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्याकडे बहुमत नव्हते. वुड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी हीप्स हे दोघेच मजूर खासदार. त्यांनी दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांना विचारले, म्हाताऱ्या माणसांना निवृत्तिवेतन देणार काय? किंग यांनी वचन दिले. वरिष्ठ सभागृहाने एकदा विधेयक फेटाळले, पण १९२७ साली कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना महिन्याला वीस डॉलरपर्यंत मिळू लागले. दोन माणसांनी सत्तेत न जाता हे करून घेतले.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये कॅल्गरी गावी शेतकरी, कामगार आणि काही शिकलेली मंडळी जमली. नव्या पक्षाचे नाव ठेवले 'को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन', थोडक्यात सीसीएफ. वुड्सवर्थ अध्यक्ष झाले. १९३५ साली देशाच्या संसदेत त्यांचे सात जण निवडून आले. सस्कॅचवानच्या विधिमंडळात १९३४ साली पाच होते. लोक म्हणाले, झाले, मते वाया गेली.

पण कार्यकर्ते थांबले नाहीत. गावच्या शाळेत, धान्याच्या कोठारात, एखाद्याच्या स्वयंपाकघरात बैठका होत. बायका नुसता चहा करायला नव्हत्या, बोलायलाही होत्या. वर्गणीचे पैसे थोडे थोडे जमत. बारा वर्षे हे चालले, आणि जून १९४४ मध्ये सस्कॅचवानच्या ५२ जागांपैकी ४७ सीसीएफने जिंकल्या!

एका पायाची गोष्ट

मुख्यमंत्री झाले तेच टॉमी डग्लस, स्कॉटलंडहून लहानपणी आलेले गरिबाघरचे पोर. त्यांच्या पायाच्या हाडाला रोग झाला होता. वडिलांकडे पैसे नव्हते, तेव्हा पाय कापण्याची पाळी आली. एका मोठ्या शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. पोराचा पाय राहावा की जावा हे नशिबावर का असावे, हा सवाल डग्लस यांच्या मनात कायमचा रुतून बसला.

नव्या सरकारने पहिल्याच वर्षी शेतकऱ्याचे राहते घर आणि त्याभोवतीची १६० एकर जमीन सावकारी जप्तीपासून वाचवणारा कायदा केला. पीक बुडाल्यास कर्जाचा बोजा हलका करणारे कलमही त्यात होते, पण ते पुढे न्यायालयांत टिकले नाही. १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालयाचा विमा सुरू झाला. माणशी वर्षाला पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस डॉलर. १९४९ च्या कायद्याने शेतवस्त्यांवर वीज नेण्याचे काम हाती घेतले गेले.

सारेच साधले असे नव्हे. सरकारने जोडे बनवायचा कारखाना काढला, तो काही वर्षांतच बंद करावा लागला. चांगल्या हेतूने काढलेले दुकानही हिशेबावाचून चालत नाही, हे आपल्या सोसायट्यांनाही ठाऊक आहे.

तेवीस दिवस

मोठी कसोटी पुढे आली. रुग्णालयच नव्हे, तर डॉक्टरची फीही सरकारी विम्यातून द्यायची असे ठरले. १९६१ साली कायदा झाला. डग्लस तोवर देशाच्या राजकारणात गेले होते, म्हणून भार वुड्रो लॉइड यांच्यावर पडला. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. आयाबाया धास्तावल्या. मोर्चे निघाले. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणवले. काही गावांनी सहकारी तत्त्वावर आपले दवाखाने उघडले. तेविसाव्या दिवशी तडजोड झाली. डॉक्टरांच्या काही अटी मान्य झाल्या, योजना मात्र राहिली.

१९६४ च्या निवडणुकीत तेच सरकार हरले. पण जिंकलेल्या लिबरल पक्षाला योजना मोडण्याचे धाडस झाले नाही. उलट १९६६ साली देशाच्या लिबरल सरकारने तिच्याच धर्तीवर कायदा केला आणि १९७२ पर्यंत ती कॅनडाच्या सर्व प्रांतांत पोचली.

मग हिशेब काय?

१९६१ साली कामगार संघटनांना बरोबर घेऊन या पक्षाने 'न्यू डेमोक्रॅटिक पार्टी' हे नाव धारण केले. प्रांतांत त्याने अनेकदा राज्य केले. देशाची सत्ता मात्र त्याला कधीच मिळाली नाही. २०११ साली १०३ जागा जिंकून तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. २०२५ साली दोन मोठ्या पक्षांच्या चुरशीत शंभरातली पंच्याऐंशी मते त्या दोघांनाच गेली आणि या पक्षाच्या पदरात जागा पडल्या सात. १९३५ साली होत्या तेवढ्याच! ज्याची मते जास्त तो निवडून, अशी पद्धत असली की तिसऱ्याची अशीच कोंडी होते. आपल्याकडेही तीच पद्धत आहे.

पण हिशेब केवळ जागांचा मांडायचा नसतो. १९४३ साली एका मतचाचणीत सीसीएफ दोन्ही पक्षांच्या किंचित पुढे दिसताच लिबरल सरकार जागे झाले, आणि १९४५ पासून मुलांमागे दरमहा भत्ता घरोघर पोचू लागला. निवृत्तिवेतन असो, औषधोपचार असो, मागणी लहान पक्षाची आणि कायदा बहुधा मोठ्या पक्षाचा. श्रेय दुसऱ्याला गेले; औषध मात्र आजाऱ्याच्या तोंडात पडले.

तेव्हा वाचकहो, पारावर पुन्हा ते वाक्य निघाले, तर एवढेच विचारा, हा पक्ष निवडणूक झाल्यावरही गावात दिसतो का? बैठका घेतो का? वर्गणीचा हिशेब देतो का? नसेल, तर ते मत वाया जाण्याचा संभव आहे. असेल, तर ते बियाण्यासारखे आहे. उगवेल कधी आणि कापणी कोण करील, हे मात्र पेरणाऱ्याने विचारू नये.